धोंडवाडीची घळ आणि दिल्लीतला शब्द

"खासदाराचा पीए म्हणजे नेमकं काय करतो हो?" असं माझ्या होणाऱ्या व्याह्यांनी मला साखरपुड्याच्या भर पंगतीत विचारलं होतं. मी म्हटलं, "लोकांना नाही म्हणतो." सगळी पंगत हसली, व्याही तेवढे हसले नाहीत. धाकट्या पोराला कुठंतरी चिकटवून द्या, हे त्यांच्या ओठांवर होतं म्हणे, आणि मी ते यायच्या आधीच परतवलं.

पण मी थट्टा केली नव्हती. माझ्या नोकरीतलं निम्मं काम नाही म्हणायचं, आणि उरलेलं निम्मं का नाही ते समजावून सांगायचं. तेव्हाच्या उस्मानाबादला, म्हणजे आताच्या धाराशिवला, स्टँडमागच्या गल्लीत साहेबांचं भाड्याचं घर होतं. पुढं पत्र्याची ओसरी, ओसरीत माझं टेबल आणि टेबलावर खडखडणारा टाईपरायटर. मी मूळचा तेरचा, बौद्ध वस्तीतला. आमच्या घराण्यात टेबलाच्या या बाजूला बसणारा मी पहिलाच, म्हणून सुरुवातीला लई ताठ बसायचो. पाठ धरली तसा माणसासारखा बसायला लागलो.

साहेब आधी शाळामास्तर, मग राज्यसभेचे खासदार. बोलायला सावकाश, रागवायला त्याहून सावकाश. मी नेमका उलटा. येणाऱ्यांना राज्यसभा म्हणजे काय हे समजावता समजावता माझ्या तोंडाला फेस यायचा. "आमी तर मत दिलं न्हाय, मंग ह्ये निवडून आले कसे?" मी सांगायचो, यांना आमदार निवडतात. त्यावर बेंबळीच्या एका म्हाताऱ्यानं विचारलं होतं, "मंग ह्यास्नी आमचं भ्या कशाचं?" प्रश्न बिनतोड होता. मी साहेबांकडं बघितलं, तर ते चष्मा पुसत होते.

ओसरीवर येणाऱ्यांची एकच समजूत, खासदार म्हणजे सरकार. तुळजापूरचा एक लॉजवाला टेलिफोनसाठी यायचा आणि येताना देवीचा प्रसाद आणायचा, म्हणजे नकार देताना आमच्या तोंडात पेढा असायचा. एक गडी तर भावाच्या विरुद्ध कायदा करून घ्यायला आला होता. भाऊ दर नांगरटीला बांध कोरतो, म्हणून दिल्लीत असा कायदा करा की बांध कोरणाऱ्या भावाला गावात राहता येणार नाही. मी म्हटलं, "अहो, कायदा केला तर तो साऱ्या देशाला लागू होतो." तो क्षणभर विचारात पडला आणि म्हणाला, "मग ऱ्हाऊ द्या. म्या बी थोडा कोरतोय."

अशांना मी एक ठरलेलं सांगायचो, तेच तुम्हालाही सांगतो. सरकारात एक घर विचारणाऱ्यांचं आणि एक घर करणाऱ्यांचं. संसद हे विचारणारं घर. तिथं कायदे होतात, खर्चाला मंजुरी मिळते. पण संसदेला पाटीभर माती उचलून टाकता येत नाही की साधा तलाठी बदलता येत नाही. माती टाकणार मंत्री आणि त्यांच्या हाताखालचे सचिव, कलेक्टर, इंजिनिअर. फक्त या करणाऱ्यांना विचारणाऱ्यांपुढं उभं राहून जबाब द्यावा लागतो. आणि मंत्री बसतात त्याच सभागृहात, आमच्या साहेबांसारखेच सदस्य म्हणून. म्हणजे घरं दोन, पण अंगण एकच. भांडणं त्यामुळंच होतात आणि काम चालतं तेही त्यामुळंच.

हे सगळं मला पाठ होतं. पण पटलं ते सोजरबाईमुळं.

बहात्तरचा दुष्काळ सरून काही वर्षं झाली होती, पण आमच्याकडं तो सरला हे सरकारी कागदावरच कळायचं. टंचाईची कामं चालूच होती. बेंबळीच्या पुढं, आडवाटेला धोंडवाडी म्हणून वाडी आहे, तिथं पाझर तलावाचं काम निघालं होतं. एका फाल्गुनातल्या दुपारी तिथली सोजरबाई ओसरीवर आली. पन्नाशीची, उंच, पदर खोचलेला. आल्या आल्या तिनं तांब्याभर पाणी पिऊन घेतलं आणि खुर्ची नको म्हणून खालीच बसली.

"दादा, तलावाचं काम थांबलंय. रोलर नेला, मजुरांच्या टोळ्या नेल्या, मुकादम बी गेला."

"कुठं नेलं?"

"त्या सूतगिरणीच्या रस्त्याला."

ही सूतगिरणी सहकारी. निदान होऊ घातलेली. शेअर गोळा झाले होते, नारळ फुटला होता, चेअरमनही नेमून झाले होते. फक्त गिरणी नव्हती. पण गिरणी येणार म्हटल्यावर रस्ता पाहिजे, आणि चेअरमनचं वजन वरपर्यंत. पुढं तो रस्ता झाला, गिरणी काही झाली नाही. आजही त्या रस्त्यानं शेळ्या मोठ्या ऐटीत जातात.

मी सोजरबाईला म्हटलं, "थांबलं असेल तर पुढच्या वर्षी होईल." यावर तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी टाईपरायटरवरचा हात काढला.

"दादा, तुमी बांध बघितलाय का? दोन्ही अंगांनी माती चढवलीया आन मधी घळ तशीच उघडी हाय. मिरगाचं पानी आलं की त्या घळीतनं घुसंल आन दोन्हीकडचा बांध खात जाईल. पुढल्या वर्षी काय ऱ्हातंय?"

नाल्याचं पाणी जिथनं वाहतं ती मधली जागा म्हणजे घळ. ती शेवटी, पावसाच्या आधी, एका दमात भरायची असते. उघडी राहिली तर केलेलं सगळं मातीत जातं. इंजिनिअरांनाही हे ठाऊक होतं. पण रोलर एक, आणि त्याला ओढणारे हात अनेक.

"आन माझी दोन एकर काळी त्या बांधाच्या पोटात गेलीया," ती म्हणाली. "भावकी नको म्हनत होती. म्या अंगठा दिला. म्हनलं, दोन एकर बुडंल, पन खालच्या हिरीला पानी लागंल, साऱ्या वस्तीचं भागंल. आता बांध फुटला तर? रान बी गेलं आन पानी बी गेलं. भावकी म्हनंल, बघ, बाईच्या अकलेनं चालली." तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. खरं सांगायचं तर मला सणकून राग आला होता.

साहेब दोन दिवसांसाठी दिल्लीहून आले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "या कामाला केंद्राची मदत आहे ना, गायकवाड? मग विचारता येईल." मदत नसती तर दिल्लीतून एकच उत्तर आलं असतं, 'हा राज्याचा विषय आहे', आणि दार बंद.

सभागृहात विचारायचा प्रश्न लिहिणं ही एक कला आहे, आणि फुशारकी म्हणा हवं तर, त्या कलेत मी बऱ्यापैकी तयार झालो होतो. प्रश्नाला अ, ब, क असे तुकडे असतात. अ मध्ये विचारायचं, अमुक काम थांबलं हे खरं आहे काय. ब मध्ये, असल्यास कारणं काय. क मध्ये, सरकार काय करणार. करणाऱ्या घरातल्या बाबूंचीही उलट कला असते. अ ला जर 'नाही' म्हणता आलं, तर ब आणि क ला एकच ओळ, 'प्रश्न उद्भवत नाही'. ही ओळ वाचून मी किती वेळा दात खाल्ले असतील! तारा लावलेला प्रश्न असेल तर मंत्र्याला उभं राहून तोंडी उत्तर द्यावं लागतं, आणि वर पुरवणी प्रश्न विचारता येतो. साहेब म्हणायचे, "गायकवाड, पुरवणी प्रश्नात भाषण ठोकायचं नाही. फार काही सुचलं नाही तर एकच विचारायचं, कधी?"

आमचा प्रश्न ताऱ्यासकट मंजूर झाला. तो दिल्लीच्या मंत्रालयातून मुंबईला आणि मुंबईहून आमच्या कलेक्टर कचेरीत माहितीसाठी आला, आणि काय सांगावं, दुसऱ्याच दिवशी रोलर धोंडवाडीला हजर! टोळ्या परतल्या, मुकादम परतला. साहेबांनी सभागृहात तोंडही उघडलं नव्हतं. मला तर पेढे वाटावेसे वाटले.

पेढ्यांच्या आधी डेप्युटी साहेब आले. टंचाईची कामं बघणारे हे डेप्युटी कलेक्टर, हुशार माणूस, कपड्याची घडी न मोडता चार वाड्या फिरून येणारा. साहेब त्या आठवड्यात पुन्हा घरी होते. चहा घेत डेप्युटी साहेब म्हणाले, "काम तर सुरू झालं. आता प्रश्न मागं घेतला तर बरं होईल. वरून तसं सुचवलंय." पाठोपाठ दिल्लीहून साहेबांच्याच पक्षातल्या कुणाचा तरी फोन आला. साहेब सत्ताधारी बाकांवरचे. आपल्याच सरकारला कशाला अडचणीत आणता, तुमची मुदत संपत आली आहे, पुन्हा यायचं आहे ना, असं सगळं अगदी गोडीत सांगून झालं.

मी म्हटलं, "साहेब, पाहिजे होतं ते मिळालं. घ्या मागं."

सोजरबाई बाजाराला आली होती, तिला बोलावून साहेबांनी सगळी हकिकत सांगितली आणि विचारलं, "बाई, तुमचं काय मत?"

सोजरबाई म्हणाली, "सायेब, रोलरला चाकं हायती. आला तसा जाईल."

डेप्युटी साहेबांनी कप खाली ठेवला. साहेब हसले आणि म्हणाले, "प्रश्न राहू द्या."

त्या खेपेला साहेब मलाही दिल्लीला घेऊन गेले. मी वर गॅलरीत बसलो होतो. आमच्या प्रश्नाचा नंबर आला. मंत्री उठले आणि त्यांनी उत्तर वाचलं, 'माननीय सदस्यांची माहिती बरोबर नाही. काम थांबलेलं नसून जोरात चालू आहे. ब आणि क, प्रश्न उद्भवत नाही.' सभागृहात हशा पिकला. आपल्याच बाकांवरचे जास्त हसले. खोटं नव्हतंच ते, काम चालूच होतं. आमच्याच प्रश्नामुळं चालू झालं होतं, पण ते कुठं लिहिलेलं असतं? मला गॅलरीत बसवेना. साहेबांना कुणीतरी वेड्यात काढतंय आणि मी वरून नुसता बघतोय, याची मला लाज वाटत होती.

साहेब सावकाश उठले. म्हणाले, "काम चालू आहे हे ऐकून आनंद झाला. मग घळभरणी पावसाच्या आधी पुरी होईल आणि तोवर तिथली माणसं व यंत्रं दुसरीकडं हलवली जाणार नाहीत, असं मंत्रिमहोदय सभागृहाला सांगतील का?"

मंत्री अजून हसण्याच्याच रंगात होते. म्हणाले, "अवश्य. मी सभागृहाला तसं आश्वासन देतो." आणि बसले. पुढचा प्रश्न पुकारला गेला.

बाहेर आल्यावर मी धुमसतच होतो. साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "हसले ना? हसू द्या. हसताना माणूस जरा उदार होतो. अडचणीत असते तर त्यांनी हा शब्द दिला असता का?" मग मला कळलं. मंत्र्यानं बाहेर कुठं दिलेला शब्द वाऱ्यावर जातो. सभागृहात दिलेला जात नाही. असे शब्द टिपून ठेवणारी खासदारांची एक समितीच असते, आणि शब्द पुरा होईपर्यंत ती खात्याच्या मागं लागते. साहेबांनी चारचौघांत खोटं ठरून तो शब्द मिळवला होता. तेव्हा मला त्या माणसाचा जो अभिमान वाटला, तो आजही तसाच आहे.

गावी मात्र आमचं हसं झालं. एका स्थानिक पेपरात 'खासदार तोंडघशी' असा मथळा आला. स्टँडवरच्या हॉटेलात सूतगिरणीच्या चेअरमनची माणसं मला ऐकू जाईल असं बोलायची, "पीएला अजून काम चालू आहे का बंद तेच कळंना, आन दिल्लीला जातोय." मी दोनदा भांडायला उठलो आणि दोन्ही वेळा साहेबांची आठवण होऊन परत बसलो.

वैशाखात अधिवेशन संपलं. खासदार आपापल्या घरी गेले, विचारणाऱ्या घराला कुलूप लागलं. आणि सोजरबाईचा निरोप एसटीच्या कंडक्टरबरोबर आला: 'रोलर उद्या हालतोय.' घळ निम्मीच भरली होती. साहेब तापानं पडून होते. ते अंथरुणातनंच म्हणाले, "डेप्युटी साहेबांकडं जा. आवाज चढवू नका. शब्दाची आठवण तेवढी करून द्या."

मी आवाज चढवायच्या पूर्ण तयारीनं गेलो. डेप्युटी साहेबांसमोर त्याच सूतगिरणीची फाईल होती. मी म्हटलं, "साहेब, रोलर हलला तर दिल्लीतला मंत्र्यांचा शब्द मोडेल. अधिवेशन संपलं, पण समिती संपलेली नाही. उद्या मंत्रालयाकडून विचारणा आली तर ती तुमच्याच टेबलावर येईल."

वाटलं, आता हे चिडतील. तर त्यांनी खुर्चीला पाठ टेकली आणि मोठा सुस्कारा सोडला. "गायकवाड, बसा. पंधरवडा झाला, मी याचीच वाट बघतोय. तुम्ही आठवण कराल म्हणून."

"म्हणजे?"

"म्हणजे घळ उघडी ठेवू नये हे मला कळत नाही असं वाटतं तुम्हाला? पण चेअरमन वरून फोन लावतात. मी नुसतं नाही म्हटलं तर माझी बदली. सभागृहात शब्द दिलाय म्हणून नाही म्हटलं, तर कुणाची हिंमत नाही." त्यांनी माझ्यासमोर फोन उचलला आणि पलीकडच्याला इतक्या ठणठणीत आवाजात मंत्र्यांचं आश्वासन ऐकवलं की बाहेरचा शिपाई आत डोकावला. फोन ठेवून म्हणाले, "प्रश्न मागं घ्या म्हणून मीच तुमच्याकडं आलो होतो. तुम्ही घेतला नाही, बरं केलंत."

इतकी वर्षं मी विचारणारं घर आणि करणारं घर असं पोपटासारखं सांगत होतो. पण करणाऱ्या घरातल्या भल्या माणसालाही विचारणाऱ्याचा आधार लागतो, हे त्या खुर्चीवर बसून मला पहिल्यांदा उमगलं. मी डेप्युटी साहेबांना शिव्या घालत जिने चढलो होतो. उतरताना त्यांच्यासाठी तुळजाभवानीला हात जोडावेत असं वाटलं. जोडले नाहीत, आमच्या घरात ती रीत नाही. पण वाटलं.

रोलर हलला नाही. मिरगाच्या आधी घळ भरली. पहिल्या वर्षी पाऊस कमीच झाला, तलावात गुडघाभर पाणी साठलं. दुसऱ्या वर्षी मात्र तलाव सांडव्यापर्यंत भरला.

मधल्या काळात साहेबांची मुदत संपली आणि त्यांना पुन्हा पाठवलं नाही. कारण कुणी सांगितलं नाही, आम्ही विचारलंही नाही. याची चुटपुट मला आहे. एवढ्या विचारणाऱ्या माणसासाठी विचारायला कुणी उभं राहिलं नाही.

तलावाच्या जलपूजनाचं आमंत्रण आलं ते डेप्युटी साहेबांनी आठवणीनं धाडलेलं. आम्ही गेलो. बांधावर मंत्र्यांच्या नावाची फरशी बसवली होती, खाली चेअरमनचंही नाव होतं. साहेबांचं कुठंच नाही. माझं डोकं फिरलं. साहेब म्हणाले, "अहो, माती त्यांच्या सरकारनंच टाकली की. आपण फक्त विचारलं." सोजरबाई आम्हाला बांधावर घेऊन गेली आणि पाण्याकडं बोट करून म्हणाली, "त्ये बघा माझं रान." आवाजात दुःख होतं आणि तोराही होता. मग खालच्या विहिरीकडं बोट केलं. वस्तीतल्या बायका पाणी शेंदत होत्या, आणि त्यांत तिच्या भावकीतल्याही होत्या.

तिनं साहेबांना विचारलं, "सायेब, आता तुमी खासदार न्हाय म्हनं. मंग हितनं फुडं विचारायचं कुनी?"

साहेब म्हणाले, "बाई, धोंडवाडीचा पहिला प्रश्न कुणी विचारला होता? मी, का तुम्ही?"

सोजरबाईनं पदर खोचला आणि थेट शामियान्यात गेली. तिथं अधिकारी मंडळी नारळ-फुलं घेऊन बसली होती. तिनं डेप्युटी साहेबांना सगळ्यांदेखत विचारलं, "सायेब, सांडव्याला दगडं बसवायची ऱ्हायलीत. ती का बसवली न्हायत?"

डेप्युटी साहेब सवयीनं म्हणाले, "माहिती घेऊन सांगतो, बाई."

मंडळी हसली. चेअरमन सगळ्यांत मोठ्यानं हसले. सोजरबाई हसली नाही, आणि जागची हललीही नाही.

"कवा?" ती म्हणाली.

शामियान्यातलं हसू थांबलं. डेप्युटी साहेबांनी एकवार आमच्या साहेबांकडं बघितलं, खिशातलं पेन काढलं आणि उभं राहून तिला तारीख सांगितली.